मुद्रकाचा पत्ता आहे, शाईचा नाही

निवडणूक जाहीर झाली की देशातील प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात एक बैठक हमखास होते. जिल्ह्यातील मुद्रकांना बोलावले जाते, लोकप्रतिनिधित्व कायदा, १९५१ मधील कलम १२७-अ त्यांना वाचून दाखवले जाते आणि प्रचाराच्या प्रत्येक पत्रकावर व फलकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता असलाच पाहिजे, अशी समज दिली जाते. प्रकाशकाकडून दोन परिचितांनी साक्षांकित केलेले घोषणापत्र घ्यायचे आणि त्याची प्रत छापील नमुन्यासह जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे पाठवायची. यात कसूर झाल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सेवेत असताना अशा अनेक बैठका मी घेतल्या. त्या सर्व सारख्याच असत, पण एक मात्र लक्षात राहिली आहे.

बैठकीनंतर त्या रात्री उत्तर भारतातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी फ्लेक्स छापणाऱ्या एका दुकानात तपासणीसाठी गेलो होतो. दहा फूट रुंदीचे यंत्र चालू होते आणि एका उमेदवाराचा चेहरा इंचाइंचाने बाहेर येत होता. मध्येच कामगाराने यंत्र थांबवून एक कळ दाबली. मुद्रणशीर्षांतून चारही रंगांची शाई खालच्या पत्र्याच्या तसराळ्यात ठिबकू लागली आणि तिथून नळीवाटे एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये गेली. कॅन जवळजवळ भरला होता. रंग एकमेकांत मिसळून काळपट, मातकट झाले होते आणि डोळ्यांना झोंबणारा वास खोलीभर पसरला होता. हे पुढे कुठे जाते, असे मी मालकाला विचारले. त्याने क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, ‘‘साहेब, याचा फॉर्म तर तुम्ही दिलेला नाही.’’

तो चेष्टा करत नव्हता. त्याच्याकडे प्रकाशकाच्या घोषणापत्रांची फाइल होती, वस्तू व सेवाकराची कागदपत्रे होती, महापालिकेचा परवाना भिंतीवर चौकटीत लावलेला होता. कॅनसाठी कोणताही कागद नव्हता. बरेच आढेवेढे घेतल्यावर त्याने सांगितले की थोडी शाई फलकांच्या लोखंडी सांगाड्यांना फासली जाते, गंजापासून तेवढेच संरक्षण. बाकीची रात्री गटारात.

ही शाई वाया का जाते, हे यंत्राच्या रचनेत दडलेले आहे. मुद्रणशीर्षाला केसापेक्षाही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. त्यांतून बाहेर पडणारा थेंब कापडावर चटकन वाळावा, म्हणून शाईत उडून जाणारे द्रावक घातलेले असते. स्वस्त फ्लेक्स शाईत सायक्लोहेक्झानोन आणि ग्लायकॉल ईथर कुळातील द्रावके सर्रास आढळतात. पण जे कापडावर चटकन वाळते, ते छिद्रातही वाळते. म्हणून रोज सकाळी यंत्र सुरू करताना, रंग तुटक येऊ लागला की दिवसातून अनेकदा आणि रात्री बंद करताना शाई दाबाने बाहेर सोडून छिद्रे मोकळी करावी लागतात. यालाच या व्यवसायात ‘पर्ज’ म्हणतात. त्यानंतर शीर्ष धुवायला वेगळे द्रावक वापरले जाते आणि तेही त्याच कॅनमध्ये जाते. वाया जाणारी शाई हा येथे निष्काळजीपणाचा परिणाम नाही, ती यंत्राची दैनंदिन गरज आहे. यंत्र जितके जुने आणि शाई जितकी हलकी, तितकी ही गरज मोठी.

कॅनमधील द्रवात तीन गोष्टी असतात. ज्वालाग्राही द्रावक, राळ आणि रंगद्रव्ये. निळ्या रंगासाठी सामान्यतः तांब्याचे संयुग असलेले थॅलोसायनिन वापरतात, काळ्यासाठी काजळीचेच शुद्ध रूप. अतिनील किरणांनी सुकणारी शाई हल्ली मोठ्या शहरांत लोकप्रिय आहे. तिला द्रावकाचा वास कमी, म्हणून ती निरुपद्रवी मानली जाते. प्रत्यक्षात किरण न लागलेली, म्हणजे नेमकी कॅनमध्ये जमा झालेली, शाई त्वचेला लागल्यास कायमची ॲलर्जी जडवू शकते. हे हाताळणारी मुले बहुतेक ठिकाणी विशीतली असतात आणि हातमोजे मी क्वचितच पाहिले.

कायदा याबाबत मुका आहे, असे म्हणता येणार नाही. घातक व इतर कचरा नियम, २०१६ च्या पहिल्या अनुसूचीत रंग, वार्निश आणि शाईच्या उत्पादनातून तसेच औद्योगिक वापरातून निघणारे अवशेष स्पष्टपणे समाविष्ट आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१६ मध्ये केलेल्या वर्गीकरणात फ्लेक्स व व्हिनाइलवरील डिजिटल छपाई नारिंगी गटात आहे, म्हणजे मध्यम प्रदूषणकारी उद्योगांत. जलप्रदूषण कायदा, १९७४ चे कलम २४ विषारी पदार्थ प्रवाहात, विहिरीत, गटारात वा जमिनीवर सोडण्यास मनाई करते. ई-कचऱ्याच्या नियमांत तर मुद्रणयंत्र आणि त्याचे ‘कार्ट्रिज’ नावानिशी आले आहे. विनोद असा की कार्यालयातील छोट्या यंत्राच्या रिकाम्या डबीची चिंता ज्या व्यवस्थेने केली, त्या व्यवस्थेला पाच-पाच लिटरच्या कॅनमधून शाई पिणाऱ्या यंत्राचे उष्टे दिसले नाही.

नियमांचा अडसर नेमका कुठे आहे, हे एका छोट्या हिशेबावरून कळते. घातक कचरा निर्माण करणाऱ्याने तो ९० दिवसांपेक्षा अधिक काळ साठवू नये. वर्षाला दहा टनांपर्यंत कचरा असणाऱ्या लहान उत्पादकाला राज्य मंडळ ही मुदत १८० दिवसांपर्यंत वाढवून देऊ शकते. ‘लहान’ या शब्दाची व्याप्ती इथेच दिसते. नियम करणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर औषधनिर्मितीचा कारखाना होता, बसस्थानकामागचा गाळा नव्हता. त्या गाळ्यात १८० दिवसांत एक पिंप भरले तरी पुष्कळ. ते नेण्यासाठी सामूहिक प्रक्रिया व विल्हेवाट केंद्राचे सदस्यत्व घ्यायचे, परवानगीपत्र मिळवायचे, वाहतुकीचा अनेक प्रतींतील दस्तऐवज भरायचा, दरवर्षी ३० जूनपर्यंत विवरण द्यायचे. आणि हे सारे करूनही एका पिंपासाठी दीड-दोनशे किलोमीटर गाडी पाठवायला कोणी तयार होत नाही. कायदा पाळायचे ठरवणाऱ्या दुकानदाराला तो पाळण्याची वाटच उपलब्ध नाही.

आपल्या देशात ज्या टाकाऊ वस्तूला किंमत आहे, तिची काळजी सरकारला करावी लागत नाही. भंगारवाला ती करतो. छायाचित्रणाच्या जुन्या द्रावणातील चांदी, गाड्यांचे वापरलेले तेल, शिशाच्या बॅटऱ्या यांना गिऱ्हाईक असते. कधी ते बेकायदा आणि घातक रीतीने काम करते, पण असते. मिसळलेल्या शाईला कोणीच विकत घेत नाही. जिथे बाजार नाही आणि राज्यही नाही, तिथे गटार असते.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला यात एक जुना क्रम दिसतो. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने, म्हणजे मुद्रणालये व पुस्तक नोंदणी कायद्याने, हिंदुस्थानात छापल्या जाणाऱ्या प्रत्येक पुस्तकावर मुद्रकाचे नाव आणि छपाईचे ठिकाण घालणे बंधनकारक केले. त्यातून प्रांतोप्रांतीच्या त्रैमासिक ग्रंथसूची तयार झाल्या. पदव्युत्तर अभ्यासाच्या काळात त्या सूचींत मी बरेच महिने काढले आहेत. शीर्षक, लेखक, मुद्रक, पृष्ठे, आकार, प्रतींची संख्या, किंमत, सारे रकाने नेटके भरलेले. १८५७ नंतरच्या त्या सरकारला छापील शब्दाची धास्ती होती आणि धास्तीने चांगली नोंदवही घडवली. स्वातंत्र्यानंतर राज्यकर्ते बदलले, पण हा कायदा २०२४ मध्ये नवा नियतकालिक नोंदणी कायदा लागू होईपर्यंत टिकला. कलम १२७-अ हे त्याच घराण्यातले. छापले कोणी, हे राज्य दीडशे वर्षे विचारत आले आहे. काय उरले, हे विचारण्याची सवय त्याला लागली नाही. (त्या कलमात हाताने नक्कल करण्याला ‘मुद्रण’ मानलेले नाही. फ्लेक्सने ज्यांचा धंदा बुडवला ते भिंती रंगवणारे पेंटर दोन्ही अर्थांनी निरुपद्रवी होते. डब्याच्या तळाशी उरलेला रंग ते दुसऱ्या दिवशीसाठी टर्पेंटाइन घालून जपून ठेवत.)

रंगाच्या अवशेषांकडे दुर्लक्ष केल्यास काय होते, याचा धडा देशाने राजस्थानात घेतला आहे. उदयपूर जिल्ह्यातील बिछडी गावाजवळ १९८० च्या दशकाच्या अखेरीस रंगनिर्मितीत लागणारे ‘एच-ॲसिड’ बनवणारे कारखाने थोडाच काळ चालले. त्यांनी मागे सुमारे २,४०० टन गाळ ठेवला आणि भोवतालच्या विहिरी निकामी केल्या. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९६ मध्ये ‘प्रदूषण करणाऱ्यानेच भरपाई करावी’ हे तत्त्व त्या प्रकरणात ठामपणे मांडले. तरीही वसुलीचे प्रकरण रेंगाळत राहिले आणि ३७ कोटींहून अधिक रुपये व्याजासह भरण्याचा आदेश त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा द्यावा लागला. फ्लेक्सच्या दुकानाची बिछडीशी तुलना प्रमाणाच्या दृष्टीने अन्याय्य ठरेल, हे मला मान्य आहे. पण तिथे निदान दोषी कारखाना बोट दाखवण्याजोगा होता. इथे प्रत्येक तालुक्यात दोन-चार गाळे आहेत आणि त्यांपैकी एकाही गाळ्याचा वाटा वेगळा काढून सिद्ध करता येणार नाही.

फलकांविषयी आपल्याकडे चर्चा होत नाही असे नाही. बंगळूरुमध्ये २०१८ साली उच्च न्यायालयाच्या रेट्यामुळे शहरभरातील फलक उतरले. केरळ सरकारने २०१९ मध्ये पीव्हीसी फ्लेक्सवर बंदी घातली. मे २०२४ मध्ये मुंबईत घाटकोपरला महाकाय फलक कोसळून १७ माणसे दगावली, तेव्हा सांगाड्यांच्या मजबुतीवर देशभर लिहिले गेले. कापड, सांगाडा, जागा, परवाना, सर्व काही चर्चेत आले. शाई आली नाही. बंदीनंतर पीव्हीसीऐवजी सुती कापड किंवा दुसरे प्लास्टिक वापरात येते. छिद्रे मोकळी करण्याचे काम यंत्राला त्या कापडासाठीही करावेच लागते.

लहान लहान ठिकाणांहून घातक कचरा गोळा करणे या देशाला जमत नाही, हे मात्र मी मानणार नाही. १९९८ मध्ये जैववैद्यकीय कचऱ्याचे नियम आले तेव्हा हाच आक्षेप होता: गल्लीतल्या दवाखान्याची चार सुया आणि बोळे नेणार कोण? आज ७५ किलोमीटरच्या परिघात सामूहिक केंद्र, ठरलेल्या रंगाच्या पिशव्या आणि गोळा करणारी गाडी ही व्यवस्था, तिच्या साऱ्या उणिवांसह, बहुतेक शहरांत उभी आहे. वापरलेल्या तेलासाठी केंद्राने २०२३ मध्ये नियम दुरुस्त करून १ एप्रिल २०२४ पासून उत्पादक व आयातदारांवर ते परत घेण्याची जबाबदारी टाकली. शाईच्या बाबतीत तोच मार्ग अधिक सोपा आहे, कारण शाई निनावी येत नाही. ती आयातदाराकडून किंवा कारखान्यातून निघते, वितरकाच्या टेम्पोतून ठराविक दुकानांत पोहोचते आणि परतीच्या फेरीत तो टेम्पो बहुधा रिकामा असतो.

प्रत्येक पाच लिटरच्या कॅनवर अनामत घ्यावी आणि तो कॅन टाकाऊ शाईने भरून परत आल्यावर ती फेडावी. द्रावकाची आणि अतिनील शाई वेगळ्या कॅनमध्ये राहील, एवढा नियम दुकानदाराला समजावणे अवघड नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी वितरकाचे गोदाम हेच संकलन केंद्र ठरवावे आणि तेवढ्यापुरती परवानगीची प्रक्रिया एका पानाची करावी. गोदामात पिंपे जमली की पूर्ण गाडी भरते. मग विल्हेवाट केंद्रही येते. धुण्याचे द्रावक ऊर्ध्वपातनाने बऱ्याच अंशी परत मिळवता येते आणि उरलेला गाळ सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जाळण्याची तरतूद नियमांत आधीच आहे. यात खर्च आहे. तो शाईच्या किमतीत पडेल आणि फलक काहीसे महाग होतील. वाढदिवसाच्या शुभेच्छांचे चार फलक त्यामुळे कमी लागले, तर वितरकांखेरीज कोणी दुःख करील असे वाटत नाही.

हरकत एकच गंभीर आहे. ज्या शहरांचे निम्मे सांडपाणीही शुद्ध होत नाही, तिथे या लिटर-दोन लिटरसाठी यंत्रणा राबवावी का? सांडपाण्याचा प्रश्न सोडवायला हजारो कोटी आणि कित्येक वर्षे लागणार आहेत. या कॅनसाठी नवी वाहिनी खणावी लागत नाही. शिवाय मैलापाणी प्रक्रिया केंद्र जिवाणूंवर चालते आणि द्रावक व तांबे पचवणे हे जिवाणूंचे काम नव्हे. उद्या केंद्रे उभी राहिली तरी शाई तिथे पोहोचता कामा नये.

सुरुवात करायला यादीही नव्याने करावी लागणार नाही. कलम १२७-अ खाली बोलावलेल्या मुद्रकांची नावे, पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक प्रत्येक जिल्ह्याच्या निवडणूक शाखेत आहेत. मतमोजणी संपली की ती यादी कपाटात जाते. तिची एक प्रत राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला पाठवायला जिल्हाधिकाऱ्याची एक सही लागते. मी माझ्या काळात ती केली नाही. त्या दुकानदाराने फॉर्मविषयी विचारल्यावर मी विषय बदलून, छापील नमुन्यावर नाव-पत्ता नीट वाचता येतो ना, हे तपासले आणि निघालो.