गाठ लागली, तर जायचे कोठे?

अंबड तालुक्यातील एका आरोग्य शिबिरात गेल्या हिवाळ्यात स्त्रियांच्या हाती आरसे देऊन स्वतःचा गळा तपासण्यास शिकविण्यात आले. मान किंचित मागे झुकवावी, पाण्याचा घोट घ्यावा आणि गिळताना कंठाच्या खालच्या भागात एखादा उंचवटा वरखाली होतो का ते पाहावे, एवढीच ती कृती. एका शेतमजूर बाईंनी विचारले, "अन् गाठ लागली, तर जायचं कुठं?" व्यासपीठावर कोणी बोलले नाही. त्या व्यासपीठावर मीही होतो.

थायरॉइडच्या बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. धडधाकट माणसांत त्या शोधत सुटल्यास काय होते, हे दक्षिण कोरियाने दाखविले आहे. तेथे स्वस्त सोनोग्राफीमुळे १९९३ ते २०११ या काळात या कर्करोगाचे निदान सुमारे पंधरा पटींनी वाढले. मृत्यूंचे प्रमाण मात्र जेथल्या तेथेच राहिले. हजारोंच्या ग्रंथी काढल्या गेल्या आणि बहुतेकांच्या नशिबी जन्मभराची गोळी आली. लक्षणे नसलेल्या प्रौढांची अशी चाळणी करू नये, मान चाचपूनसुद्धा नव्हे, अशी शिफारस अमेरिकेतील अधिकृत तज्ज्ञगटाने २०१७ मध्ये केली, ती उगाच नव्हे.

मग गप्प बसावे काय? मुळीच नाही. आपल्याकडे गलगंड दैवाचा भोग मानून पदराखाली झाकला जातो. दगडासारखी कठीण किंवा झपाट्याने वाढणारी गाठ, आठवडेच्या आठवडे बसलेला आवाज, घास अडकणे, श्वास कोंडणे ही लक्षणे घरोघरी ठाऊक व्हायलाच हवीत. पण ज्ञान द्यायचे आणि तपासणी द्यायची नाही, हा व्यवहार अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला चांगला परिचयाचा आहे: शासनाचा खर्च वाचतो, तो मजुराच्या घरखर्चात जाऊन बसतो. बुडालेला रोज, एस.टी.चे भाडे, खाजगी सोनोग्राफी, आणि अहवाल येईपर्यंत उडालेली झोप. तिची किंमत तर कोणत्याच अंदाजपत्रकात धरलेली नसते.

छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय जालन्याहून साठेक किलोमीटरवर आहे. अंबड-घनसावंगीच्या खेड्यांतून अंतर आणखी वाढते. जालन्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. सुईने गाठीतील पेशी काढून तपासण्यास मोठे यंत्रागार लागत नाही. सुई बाहेरगावी घेऊन जाता येते, काचपट्टी जालन्याला पाठविता येते. महिन्यातून एक ठरलेला वार प्रत्येक तालुक्याला देणे अशक्य कोटीतले नाही.

पुढच्या शिबिराचे निमंत्रण आले आहे. मी उलट टपाली कळविले: आधी तो वार ठरवा, आरसे मग वाटू.