डोंगरातले घर आणि शेजाऱ्याची जमीन

गेल्या काही वर्षांत वसईच्या कुटुंबांमध्ये एक नवे आकर्षण वाढीस लागलेले दिसते. वाडीचा एखादा तुकडा विकून किंवा निवृत्तीची पुंजी गाठीशी बांधून जव्हार, मोखाडा, विक्रमगड, वाडा अशा डोंगराळ भागात जागा घ्यावी, छोटेसे घर बांधावे आणि उर्वरित आयुष्य शांततेत घालवावे, अशी ही इच्छा आहे. ती समजण्यासारखी आहे. जिथे एके काळी केळीच्या बागा आणि पानवेली होत्या तिथे आज इमारती उभ्या आहेत. गोंगाट, रहदारी आणि पाणीटंचाई यांनी माणूस थकला आहे. तथापि हा व्यवहार केवळ घर घेणाऱ्याच्या सोयीचा नाही. त्याला दुसरी बाजू आहे, व तिचा विचार शांतपणे करण्याची वेळ आली आहे असे आम्हांस वाटते.

प्रथम आपलाच इतिहास आठवावा लागेल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस वसईची हरित भूमी बांधकामासाठी खुली होऊ लागली, तेव्हा तिच्या रक्षणासाठी हरित वसई संरक्षण समितीच्या झेंड्याखाली सर्वधर्मीय जनता रस्त्यावर उतरली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे त्यातील नेतृत्व सर्वज्ञात आहे. २००९ साली महानगरपालिका अस्तित्वात आल्यावरही आपली गावे तिच्यातून वगळावीत यासाठी ग्रामस्थ झगडले. त्या काळी आपण सांगत होतो की, जमीन ही केवळ विक्रीची वस्तू नव्हे. तिच्यावर एका समाजाचे पाणी, भाषा, सण आणि शेजारधर्म उभा असतो. आज डोंगरात जागा शोधताना तेच वाक्य आपल्याला उद्देशून कोणी उच्चारले तर आपले उत्तर काय असेल?

येथे कायद्याची थोडी माहिती आवश्यक आहे. १९४८ च्या कूळवहिवाट व शेतजमीन कायद्यानुसार जो शेतकरी नाही त्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही. मुंबईच्या नोकरदाराला जे दार बंद असते ते आपल्यापैकी अनेकांना उघडे असते, कारण आपल्या घरात पिढीजात सातबारा आहे. म्हणूनच दलाल आपल्याकडे येतात. कधी ते आपल्याला जमीन विकू पाहतात, तर कधी दुसऱ्याच्या पैशाने होणाऱ्या व्यवहारास आपले नाव मागतात. शेतकरी दाखल्याचा असा वापर करू देणे म्हणजे पूर्वजांच्या घामाने मिळालेली ओळख भाड्याने देणे होय. उद्या वाद उद्भवला की कोर्टाची पायरी नावाच्या धन्यालाच चढावी लागते.

परंतु सातबारा असला म्हणून प्रत्येक जमीन घेता येते असेही नाही. जव्हार व मोखाडा हे तालुके अनुसूचित क्षेत्रात मोडतात. वारली, कोकणा, ठाकूर, कातकरी हे तेथील मूळ रहिवासी. जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ नुसार आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीस विकणे, बक्षीस देणे, गहाण ठेवणे वा पट्ट्याने देणे पूर्वपरवानगीवाचून करता येत नाही. विक्रीसाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीबरोबर शासनाचीही पूर्वसंमती लागते. सावकारांनी आणि इतरांनी आदिवासींच्या जमिनी कवडीमोलाने घशात घातल्या, म्हणून १९७४ साली हे निर्बंध कडक करण्यात आले आणि गेलेल्या जमिनी परत देण्याचा कायदाही त्याच वर्षी झाला. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा तर वारसांकडे जातो, पण विकता येत नाही. असे असताना मुखत्यारपत्र करू, साठेखत करू, नंतर पाहू, असे दलाल सांगू लागला तर तेथूनच मागे फिरावे.

ज्यांना कायदेशीर मार्गाने जागा घ्यावयाची आहे त्यांनी निदान इतके तरी पाहावे. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग १ आहे की वर्ग २? वर्ग २ असल्यास हस्तांतरणावर बंधन असते. ‘इतर अधिकार’ या रकान्यात कूळ, बोजा वा खाजगी वन अशी काही नोंद आहे काय? जुने फेरफार मूळ मालकापर्यंत जुळतात काय? बिनशेतीचा आदेश प्रत्यक्ष हातात आहे की केवळ तोंडी आश्वासन? एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून कोणी शेतजमीन विकत असेल तर १९४७ चा तुकडेबंदी कायदा, त्यात वेळोवेळी फेरबदल झाले असले तरी, आडवा येतो काय? जागेपर्यंत जाणारा रस्ता नकाशावर आहे, की शेजाऱ्याच्या बांधावरून त्याच्या मेहेरबानीने जातो? तलाठी कार्यालयातील एक फेरी आणि निष्पक्ष वकिलाचा सल्ला यांवर होणारा खर्च आयुष्यभराच्या पुंजीपुढे किरकोळ आहे.

कायद्यानंतर येते पाणी. या तालुक्यांत पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. परंतु काळ्या कातळात आणि तीव्र उतारावर तो ठरत नाही. उन्हाळा लागला की अनेक पाड्यांवर स्त्रिया हंडे घेऊन दूरच्या झऱ्यावर जातात व टँकरची वाट पाहतात. विरोधाभास असा की, याच परिसरातील वैतरणेच्या खोऱ्यातून मुंबईची तहान भागते. मध्य वैतरणा धरण २०१४ साली त्यासाठीच पूर्ण झाले. आता आपण आपल्या बंगल्यासाठी खोल कूपनलिका घेतली आणि खालच्या पाड्यावरची विहीर आटली, तर आपली बाग हिरवी राहील; पण शेजारी आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहील?

तिसरा प्रश्न डोंगराचा. पुणे जिल्ह्यातील माळीण ३० जुलै २०१४ रोजी डोंगराखाली गाडले गेले व सुमारे दीडशे माणसे मृत्युमुखी पडली. २२ जुलै २०२१ रोजी महाडजवळच्या तळीयेवर आणि १९ जुलै २०२३ च्या रात्री रायगडमधील इर्शाळवाडीवर तोच प्रसंग ओढवला. मुसळधार पाऊस हे तात्कालिक कारण असले, तरी उतार कापून केलेले सपाटीकरण, रस्त्यांची खोदाई आणि झाडतोड यांनी कोणताही डोंगर दुबळा होतो. माधव गाडगीळ समितीने २०११ मध्ये आणि कस्तुरीरंगन समितीने २०१३ मध्ये पश्चिम घाटाविषयी इशारे दिले. ३१ जुलै २०२४ च्या केंद्राच्या मसुद्यात महाराष्ट्रातील १७ हजार चौरस किलोमीटरहून अधिक क्षेत्र संवेदनशील म्हणून सुचविले गेले. ‘दरीचे विहंगम दृश्य’ अशी जाहिरात असलेला भूखंड म्हणजे बहुधा उताराच्या कडेचा भूखंड, हे खरेदीदाराने ध्यानी घ्यावे.

वृद्धांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. शांतता हवीहवीशी वाटते ती दोन दिवसांची. रात्री छातीत कळ आल्यावर घाट उतरून मोठे इस्पितळ गाठावे लागते, तेव्हा तीच शांतता भीतिदायक ठरते. अशा वेळी धावून येतो तो शेजारी. आणि शेजारी कुंपणाने मिळत नाही.

तेव्हा डोंगरात जाऊच नये, असे आमचे म्हणणे नाही. जाणाऱ्याने पाहुण्याच्या नम्रतेने जावे. कायद्याने निर्वेध असलेलीच जागा घ्यावी, गावठाणालगत लहान घर बांधावे, छपरावरचे पाणी साठवावे, उतार न कापता बांधकाम करावे, काम गावच्या माणसांना योग्य मजुरीने द्यावे, ग्रामसभेचे मत ऐकावे आणि वर्षातून चार दिवस कुलूप काढण्यापुरते घर ठेवू नये. ज्यांचा बेत केवळ भाव वाढेल या आशेवर आहे त्यांनी मात्र थांबावे.

नाबोथाचा द्राक्षमळा अहाब राजाला हवा होता, तोही केवळ आपल्या वाड्यालगत भाजीचा मळा करण्यासाठी. त्याने मोबदलाही देऊ केला होता. ती कथा ऐकताना आजवर आपण स्वतःला नाबोथाच्या जागी पाहत आलो, आणि वसईचा अनुभव पाहता ते योग्यही होते. डोंगराकडे जाणाऱ्या वाटेवर पाऊल टाकताना या खेपेस आपण कोणाच्या जागी उभे आहोत, हे प्रत्येक कुटुंबाने खरेदीखतावर सही करण्यापूर्वी एकत्र बसून ठरवावे.