साठ रुपयांची मर्यादा

संजय गांधी निराधार योजनेत दिव्यांगांचे अनुदान अडीच हजार झाले, हे योग्यच; पण त्याच योजनेतील एचआयव्हीबाधितांना दीड हजारावर ठेवणे आणि कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची 21 हजारांची अट कायम ठेवणे आम्हाला मान्य नाही.

21 हजार म्हणजे दिवसाला साठ रुपयेही नव्हेत. आठवड्यातून दोन दिवस अडीचशे रुपये रोजाने खुरपायला जाणारी बाईसुद्धा या अटीत बसत नाही. म्हणजे लेकरांसाठी राबली, की ती निराधार उरत नाही! एचआयव्हीवरील एआरटी औषधाची गोळी सरकार फुकट देते, हे खरे. ती आणायचा दिवस मात्र फुकट नसतो. एसटीचे तिकीट अर्धे झाले, रोज पुरता बुडतो. घरी डबीवरचे लेबल खरवडून ती पिठाच्या डब्यामागे लपवायची. अशा ओढाताणीत खेपा चुकतात, गोळ्यांत खंड पडतो, विषाणू औषधाला दाद देईनासा होतो. पुढचे उपचार सरकारलाच महाग पडतात.

येत्या अधिवेशनात सरकारने ही अट किमान शेतमजुरीच्या दराशी जोडावी आणि अनुदानातील तफावत मिटवावी. तोवर दाखल्यासाठी कोणालाही चावडीवर चारचौघांत आजाराचे नाव सांगायला लावू नये. 2017 च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ते गुपित रुग्णाचे आहे, तलाठ्याचे नव्हे.