कोरियन व्याकरण मराठीतून शिकवूया

कोरियन शिकवणाऱ्या मित्रांनो, आपली पाठ्यपुस्तके बहुधा इंग्रजीतून येतात आणि त्यांच्यासोबत इंग्रजी भाषकाच्या अडचणीही आपल्या वर्गात येतात. क्रियापद शेवटी येते, प्रत्यय नामाच्या मागे लागतो, हे आपण नवलाईने समजावत बसतो. मराठी मुलाला ते बोलायला लागल्यापासून येत असते.

‘चॉनुन पाबुल मॉगॉयो’ म्हणजे ‘मी भात खातो’, क्रम तोच. ‘चिबे कासॉ’ म्हणजे ‘घरी जाऊन’. ‘नेगा इल्गुन छेक’ म्हणजे ‘मी वाचलेले पुस्तक’. ही रचना इंग्रजीतून शिकवताना वाक्य उलटे फिरवावे लागते, मराठीत ती शब्दाला शब्द बसते. सुरुवातीच्या आठवड्यांत फळ्यावर मराठी वाक्य शेजारी लिहिले, तर बराच वेळ वाचेल.

तो वेळ खऱ्या अडचणींना द्यावा. ‘खातो-खाते’ची सवय असलेला विद्यार्थी कोरियन क्रियापदातही लिंग शोधतो, तिथे ‘मॉगॉयो’ सर्वांना चालते. ‘त्याने पुस्तक वाचले’ मधला ‘ने’ही तिथे नाही, भूतकाळातही कर्त्याचे चिन्ह बदलत नाही. ‘शाळेत आहे’ आणि ‘शाळेत शिकतो’ यांत आपला ‘त’ एकच, पण कोरियनमध्ये असण्याच्या जागेला ‘ए’ आणि क्रियेच्या जागेला ‘एसॉ’ लागतो. ‘मोठे आहे’ हे ‘खॉयो’ या एकाच शब्दात मावते. मुले त्याला आणखी एक ‘आहे’ जोडतात.

सर्वांत अवघड ‘नुन’ आणि ‘गा’ यांतला फरक. इथे व्याख्येपेक्षा प्रश्न कामी येतो. ‘कोण आले?’ याच्या उत्तरात ‘मिन्सुगा’, तर ‘मिन्सु काय करतो?’ याच्या उत्तरात ‘मिन्सुनुन’. एकाला नवी माहिती म्हणून पुढे आणायचे, की आधीच चर्चेत असलेल्याविषयी बोलायचे, हे अशा प्रश्नोत्तरांच्या सरावातूनच अंगवळणी पडते.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात माध्यमिक स्तरावर शिकता येतील अशा परदेशी भाषांमध्ये कोरियनचे नाव आहे. उद्या मराठी माध्यमातली मुलेही आपल्या वर्गात बसतील. इंग्रजी कच्चे म्हणून त्यांतले एकही मूल कोरियनपासून दूर राहू नये. मराठीतून लिहिलेली सरावपत्रके, तुलनेचे तक्ते आणि नेहमी होणाऱ्या चुकांच्या याद्या आपणच तयार केल्या पाहिजेत. तुमच्या वर्गात उपयोगी ठरलेले साहित्य आमच्याकडे पाठवा. ते इतर शिक्षकांपर्यंत पोहोचवणे हे या मासिकाचे काम आहे.