पोट भरायचं की जीव वाचवायचा?

दोस्तांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालतो. समजा, शाळेच्या वाटेवर पेरूची दोन झाडं आहेत. पहिलं झाड पेरूंनी नुसतं लगडलेलं, पण ते दाट कुंपणाला अगदी चिकटून आहे आणि कुंपणाआड एक खवट कुत्रा दबा धरून बसलाय. दुसरं झाड मोकळ्या मैदानात. त्याला पेरू मोजून चार, पण कुत्रा निघाला तर तो दुरूनच दिसणार. तुम्ही कुठल्या झाडाकडे जाल?

कुणी म्हणेल, “भूक किती लागलीय त्यावर ठरेल.” कुणी म्हणेल, “मला किती जोरात पळता येतं त्यावर!” शाबास! दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. समुद्रकाठच्या चिखलात चोच खुपसून पोट भरणारे पक्षी हेच कोडं रोज सोडवतात. फक्त त्यांचं उत्तर चुकलं तर थेट जीवच जातो.

चला, थेट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर जाऊ. व्हँकूव्हर शहराच्या दक्षिणेला, अमेरिकेच्या सीमेला लागून ‘बाउंडरी बे’ नावाचा उपसागर आहे. ओहोटी लागली की पाणी काही किलोमीटर मागे हटतं आणि चिखलाचं भलंमोठं मैदान उघडं पडतं. अलास्काहून दक्षिणेकडे निघालेले ‘वेस्टर्न सँडपायपर’ इथे उतरतात. आपल्या खाडीकाठी दिसणाऱ्या तुतवाराच्या कुळातलेच हे पक्षी, वजन जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम! पुढचा प्रवास लांबचा, म्हणून इथे खाऊन अंगात चरबी साठवायची असते.

पण आकाशात असतो बहिरी ससाणा. उंचावरून सूर मारताना त्याचा वेग ताशी 300 किलोमीटरच्या वर जातो. शिवाय त्याची आणखी एक युक्ती आहे, बरं का. काठावरच्या झाडाझुडपांआडून, जमिनीलगत उडत तो अचानक थव्यावर झडप घालतो. म्हणजे काठाजवळ धोका जास्त, आणि उघड्या चिखलात दूरवर गेलं की धोका कमी.

आता गंमत पाहा. जवळच सिडनी नावाचं बेट आहे. तिथली चिखलाची जागा लहानशी, आडोसा अगदी जवळ, पण खाणं मात्र भरपूर. हेच ते कुंपणाजवळचं झाड! शास्त्रज्ञांनी दोन्हीकडचे पक्षी पकडून त्यांची वजनं केली. बाउंडरी बेवरचे पक्षी वजनदार निघाले, तर सिडनी बेटावरचे हलके. असं का? अंगात चरबी असली की उडताना जड जातं. असा पक्षी ससाण्याच्या तावडीत सापडायची भीती जास्त, म्हणून तो मोकळी जागा निवडतो. हलक्या पक्ष्याला चरबीची घाई असते आणि तो चपळही असतो. तो धोका पत्करतो.

झालं जेवणाचं. आता विश्रांतीचं पाहू. भरतीला चिखल पाण्याखाली जातो आणि पक्ष्यांना काठाकडे सरकावं लागतं. म्हणजे नेमकं ससाण्याच्या आडोशापाशी! हिवाळ्यात इथे ‘डनलिन’ नावाच्या छोट्या पक्ष्यांचे हजारोंचे थवे असतात. ससाण्यांनी मारलेल्या डनलिनच्या नोंदी तपासल्या, तेव्हा सर्वांत जास्त शिकारी भरतीच्या वेळीच झालेल्या दिसल्या.

1970च्या दशकात हे डनलिन भरतीच्या वेळी काठावर बसून आराम करत. 1990च्या दशकात मात्र वेगळंच दृश्य दिसू लागलं. भरती आली की अख्खा थवा समुद्रावर जाई आणि पाणी ओसरेपर्यंत उडतच राही. कधी दोन तास, कधी चार तास! विश्रांतीच्या वेळी एवढी मेहनत कशाला? कारण उघड्या पाण्यावर ससाण्याला लपायला जागाच नसते.

मग आधी ही मेहनत का नव्हती? कारण तेव्हा ससाणेच फार थोडे उरले होते. शेतावर फवारलेलं डीडीटी किडे खाणाऱ्या पक्ष्यांमार्फत ससाण्यांच्या पोटात जाई. त्यामुळे त्यांच्या अंड्यांची कवचं पातळ होत आणि उबवतानाच फुटत. अमेरिकेने 1972 साली डीडीटीवर बंदी घातली, कॅनडानेही त्याच सुमारास वापर आवरला. हळूहळू ससाणे परतले आणि डनलिनचा दिनक्रम बदलला. सिडनी बेटावर उतरणाऱ्या सँडपायपरांचा मुक्कामही आखूड झाला. पाहिलंत? ससाणा एका वेळी एकच पक्षी मारतो, पण कुठे खायचं नि कुठे बसायचं हे हजारो पक्षी त्याच्या धाकाने ठरवतात.

हिवाळ्यात कोकण-गोव्याच्या किनाऱ्यांवरही असे थवे उतरतात आणि त्यांच्या मागे बहिरी ससाणाही येतो. पण पक्ष्याला ससाण्यासारखीच भीती कुत्र्याची आणि आपलीही वाटते. “उडवून पाहू या, मज्जा येईल” म्हणून आपण थव्यामागे धावतो. आपली होते मजा, पण त्या बिचाऱ्यांची साठवलेली शक्ती खर्च होते. भरतीच्या वेळी तर त्यांना बसायला दुसरी जागाही नसते.

तेव्हा यंदा हिवाळ्यात किनाऱ्यावर गेलात तर दुरूनच पाहा. भरती आहे की ओहोटी? थवा झाडाझुडपांपासून किती पावलं लांब बसलाय? कुणीकडे जायचं तो टाळतोय? वहीत टिपून ठेवा. चार दिवस सलग टिपलंत, तर कोड्याचं त्यांचं उत्तर तुमचं तुम्हालाच वाचता येईल!