गाणे ज्याचे, नाव त्याचे

ज्याने शेत नांगरले त्याचे नाव सातबाऱ्यावर नसावे, ज्याने वाडा बांधला त्याला वाड्याचा उंबरठा ओलांडता येऊ नये, ही आपल्या वाडवडिलांची कहाणी आपणांस तोंडपाठ आहे. परंतु जो गाणे रचतो त्याचेही नाव मागे पडू शकते, याकडे आपले लक्ष फारसे गेलेले नाही. तामिळनाडूतील अरिवु या तरुण रॅप कलावंताची हकीकत या दृष्टीने प्रत्येक बौद्ध कुटुंबाने समजून घ्यावी, असे आम्हांस वाटते.

रॅप म्हणजे ठेक्यावर वेगाने म्हटलेले यमकबद्ध बोल. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील गरीब तरुणांनी, विशेषतः कृष्णवर्णीयांनी, तो 1970 नंतरच्या दशकात घडविला. जलशातील सवाल-जबाब ज्यांनी ऐकले आहेत त्यांना हा प्रकार परका वाटण्याचे कारण नाही.

अरिवु यांचे पूर्ण नाव अरिवरसु कलैनेसन. तमिळमध्ये अरिवु म्हणजे ज्ञान. अरक्कोणम या गावी, शिक्षक आईवडिलांच्या घरी ते वाढले व अभियांत्रिकी शिकले. परंतु त्यांची खरी शाळा म्हणजे त्यांची आजी वळ्ळियम्माळ. ब्रिटिश अमदानीत हजारो तमिळ मजुरांना सिलोनच्या मळ्यांवर नेण्यात आले. त्यांत अस्पृश्य मानलेल्या जातींचे लोक पुष्कळ होते. स्वतंत्र सिलोनने 1948 च्या कायद्याने त्यांतील बहुतेकांना नागरिकत्व नाकारले. 1964 च्या करारान्वये सव्वापाच लाख लोकांना भारताने परत घ्यावे असे ठरले. ज्यांनी डोंगर फोडून चहा पिकविला ते रिकाम्या हातांनी परतले. वळ्ळियम्माळ त्या मळ्यांतल्याच मजूर. आजीच्या तोंडच्या या आठवणी नातवाच्या गाण्याचे भांडवल झाल्या.

पुढे चित्रपट-दिग्दर्शक पा. रंजित यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या ‘कास्टलेस कलेक्टिव्ह’ या गायकसमूहात अरिवु सामील झाले. जानेवारी 2018 मध्ये चेन्नईत या समूहाचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. उत्तर चेन्नईच्या वस्त्यांतील ‘गाना’ हा गीतप्रकार आणि रॅप यांची सांगड घालून तेथे जातीवर उघड प्रहार झाला. समूहाचे नाव ज्या ‘जातिविहीन तमिळ’ या संज्ञेवरून घेतले, ती पंडित अयोत्ती दासर यांची. याच अयोत्ती दासरांनी 1898 मध्ये मद्रासेस शाक्य बौद्ध संघ स्थापून अस्पृश्यांना बुद्धाची वाट दाखविली, हे आपण विसरता कामा नये. 2019 मध्ये अरिवु यांनी ‘तेरुक्कुरल’, म्हणजे रस्त्याचा आवाज, हा आपला स्वतंत्र गीतसंग्रह प्रसिद्ध केला.

मार्च 2021 मध्ये ‘एन्जॉय एन्जामी’ हे गीत आले. आजीची कहाणी सांगणारे हे गीत अरिवु यांनी लिहिले व गायिका धी यांच्यासह गायिले. कोट्यवधी लोकांनी ते पाहिले, ऐकले. मग काय घडले? त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एका संगीतविषयक मासिकाच्या मुखपृष्ठावर गीत झळकले, पण गीतकार नव्हता. पा. रंजित यांनी जाहीर निषेध केला, तेव्हा अरिवु यांचे स्वतंत्र मुखपृष्ठ निघाले. जुलै 2022 मध्ये चेन्नईच्या बुद्धिबळ ऑलिंपियाडच्या उद्घाटनात हेच गीत अरिवु यांच्याविना सादर झाले. ते परदेशी होते, असे कारण सांगण्यात आले. शब्द, चाल आणि परिश्रम आपले, असे अरिवु यांनी जाहीर केले. संगीतकार संतोष नारायणन यांनी गीत सर्वांनी मिळून घडविले व हक्क समान वाटले, असे उत्तर दिले. या वादाचा निवाडा करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु मार्च 2024 मध्ये खुद्द नारायणन यांनीच सांगितले की, या गीताच्या उत्पन्नातून तोवर तिघांपैकी कोणालाही एक पैसा मिळालेला नव्हता! मळ्यात घाम गाळणाऱ्या आजीची आणि गाणे गाणाऱ्या नातवाची कथा येथे एकच होते.

यापासून बोध काय घ्यावा? आपली मुलेही आज रॅप करीत आहेत, भीमगीते रचीत आहेत. त्यांना टाळ्या मिळतात. त्यांचे हक्क त्यांना कोण सांगणार? 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 57 प्रमाणे हक्क विकले तरीही कर्तृत्वाचे नाव सांगण्याचा अधिकार कर्त्याकडेच राहतो. 2012 च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा रॉयल्टीतील समान वाटा सुरक्षित केला आहे. तो सोडून देण्याचा करार कंपनीने लिहून घेतला तरी कायद्यापुढे टिकत नाही. हक्क देण्याचा व्यवहार लेखी व सहीनिशीच व्हावा लागतो. त्यात मुदत नमूद नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते. वाचल्याशिवाय सही करू नये, हा धडा सावकाराच्या कागदांनी आपल्याला पूर्वीच शिकविला आहे.

मात्र कायद्यापूर्वी आपले स्वतःचे कर्तव्य येते. जयंतीच्या दिवशी वस्तीत जी गाणी वाजतात, त्यांचे कवी आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत? दुसऱ्याने आपले नाव पुसले म्हणून रागावणाऱ्यांनी आपल्याच शाहिराचे नाव उच्चारण्याचा आळस करावा, हे शोभत नाही. यापुढे प्रत्येक सभेत गाण्याआधी त्याच्या कर्त्याचे नाव सांगितले जावे. घरात आजी असेल तर तिच्याजवळ बसून तिची हकीकत लिहून घ्यावी.

2024 मध्ये अरिवु यांनी नवा संग्रह काढला. त्याचे नाव त्यांनी ठेवले ‘वळ्ळियम्मा पेरांडी’, म्हणजे वळ्ळियम्माचा नातू. जिचे नाव मळ्याच्या हजेरीपटापलीकडे कोणी घेतले नसते, ती आजी आज गीतसंग्रहाच्या शिरोभागी आहे. आपल्या घरातील अशा किती नावांना अजून जागा मिळायची आहे, याचा हिशेब प्रत्येक कुटुंबाने आजच करावा.