शिव्या मोरारजींना, नियंत्रण 27 वर्षं

जानेवारी 1963 मध्ये अर्थमंत्री मोरारजी देसाईंनी सोन्यावर नियंत्रण आणलं आणि जळगावच्या मेहरूणमधल्या आमच्या घरातली मजुरी बंद झाली. चीनशी युद्ध नुकतंच झालेलं, परकीय चलनाची चणचण, सोन्याची तस्करी. कारणं खोटी नव्हती. पण 14 कॅरेटच्या वरचा नवा डाग घडवायचाच नाही, असा हुकूम निघाला. म्हणजे शंभरात अठ्ठावन्न भाग सोनं, बाकी भेसळ.

आमचे वडील, नाना, 22 कॅरेटचे कारागीर. फुंकणीनं बत्तीची ज्योत वळवून मण्याला असा टाका लावायचे की सांधा दिसायचा नाही. 14 चं सोनं कडक. आणि लेकीच्या अंगावर ते घालायला खान्देशातला शेतकरी राजी नव्हता. जळगावच्या सराफ बाजारातलं गिऱ्हाईक आटलं. आईनं तांब्याचा हंडा मोडीत घातला. देशात कित्येक सोनारांनी जीव दिला.

घरोघर मोरारजींच्या नावानं बोटं मोडली जात. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनावेळच्या गोळीबाराचा त्यांच्यावरचा राग होताच. तो तळतळाट रास्त होता. ‘देश संकटात आहे, आत्ता बोलू नका’ असं सोनारांना सुनावलं गेलं, नोटाबंदीत बँकेच्या रांगेत उभ्या असलेल्यांनाही तेच. मला याची भयंकर चीड येते. ज्याच्या हुकमानं चूल विझते, त्याला नाव घेऊन जाब विचारायचा नाही तर कुणाला?

पण आम्ही नावापाशीच थांबलो. 1963 च्याच ऑगस्टमध्ये काँग्रेसच्या कामराज योजनेत मोरारजी मंत्रिमंडळाबाहेर गेले आणि लोकांना सुटल्यासारखं वाटलं. 1966 मध्ये 14 कॅरेटची अट गेली, नियंत्रण मात्र राहिलं. 1968 मध्ये त्याचा रीतसर कायदा झाला. पंतप्रधान इंदिरा गांधी, अर्थखातं पुन्हा मोरारजींकडेच. परवाने, नोंदवह्या, तपासण्या सुरूच. 1990 मध्ये मधु दंडवते अर्थमंत्री असताना तो एकदाचा रद्द झाला. तोवर नानांची फुंकणी माळ्यावर गेली होती आणि आम्ही भाऊ नोकरीला लागलो होतो.

आज सोनं तोळ्याला लाखावर गेलंय. मजुरीवर बसणाऱ्या कारागिरानं पंतप्रधानांना खुशाल बोल लावावेत. सोबत आयात शुल्क आणि जीएसटीचा हिशेब हातात घेऊन, मत मागायला येणाऱ्याला, पक्ष कुठलाही असो, दारातच अडवावं. 1967 च्या निवडणुकीत आमच्या आळीत आलेल्या उमेदवारांना सोन्याच्या नियंत्रणाबद्दल एकानंही विचारलं नव्हतं.